हँडलच्या पलीकडची गाडी

रेल्वे इंजिनाच्या कॅबमधली हँडले, कळा आणि गेज समजणे म्हणजे नेमके काय समजणे, यावर दोन पक्ष आहेत आणि दोघांनाही आपलेच खरे वाटते. कॅबमध्ये वर्षानुवर्षे उभे राहिल्याशिवाय गाडी कळत नाही, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष संगणकापुढे बसलेला आहे. २००१ साली मायक्रोसॉफ्टचा ट्रेन सिम्युलेटर आला, त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातून ट्रेन्झ आला, पुढे ओपन रेल्स, रन एट, ट्रेन सिम वर्ल्ड असे बरेच आले. घरबसल्या घाट चढणारे आणि उतरणारे हजारो लोक त्यातून तयार झाले. त्यातले काही नुसते खेळतात. काही मात्र ब्रेक व्हॉल्व्हच्या अंतर्गत रचनेवर अशा तावातावाने बोलतात की ऐकणाऱ्याला ते शेडमध्येच नोकरीला आहेत असे वाटावे. या दोन पक्षांना मी इथे मामा आणि भाची असे नाते दिले आहे. मामा निवृत्त लोको पायलट, भोर घाटात मुरलेले; भाची सिम्युलेटरवाली. दोघेही कल्पित आहेत, त्यांचा वाद कल्पित नाही. आणि मी तटस्थ पंच नाही, हेही आधीच सांगतो. मधूनमधून मी बोलणार आहे.

मामा : कळा दाबून गाडी चालत नाही, अगं. कर्जतहून निघालेली गाडी १:३७ चा चढ चढते, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. मागे बँकर इंजिने ढकलत असतात. पुढच्याने आणि मागच्याने एकमेकांचा जोर सांभाळायचा. पुढे घाईने ताकद वाढवली की पावसाळ्यात चाके जागेवर फिरायला लागतात, मग वाळू सोडा, जोर कमी करा, पुन्हा हळूहळू वाढवा. कपलिंगे ताणली गेली की सैल पडली हे पाठीला कळते, पायाखालच्या पत्र्याला कळते. ते पडद्यावर कुठे येणार? मुंबईच्या लोकलचा मोटरमन तर कंट्रोलरचे हँडल चालताना दाबूनच धरतो. हात सुटला की ब्रेक लागलेच. तुझा हात कळफलकावरून सुटला तर तू चहा करायला मोकळी.

भाची : मामा, चहाचे मान्य. पण हँडल काय करते ते मला तुमच्याइतकेच माहीत आहे, आणि काही बाबतीत जास्त. जुन्या वॅग-सेव्हन किंवा वॅप-फोरमध्ये मास्टर कंट्रोलर ‘अधिक’वर नेला की ताकद हातातून चाकात जात नाही. ट्रान्सफॉर्मरवरच्या टॅप चेंजरला सांगितले जाते, एक पायरी वर जा. त्याच्या ३२ पायऱ्या. तो आपल्या चालीने चढतो. आल्को डिझेलचे आठ नॉच म्हणजे गव्हर्नरला दिलेल्या आठ सूचना. आजच्या वॅग-नाइनमध्ये तर एकच थ्रॉटल आहे, शून्याच्या एका बाजूला ओढ, दुसऱ्या बाजूला विजेचा ब्रेक, आणि तो थ्रॉटल संगणकाला फक्त मागणी कळवतो. ब्रेकचेही तसेच. ए-नाइन ब्रेक व्हॉल्व्हचे हँडल फिरवून तुम्ही ब्रेक लावत नाही, तुम्ही हवा सोडता. ब्रेक पाइपमध्ये ५ किलोचा दाब असतो. तो अर्ध्या किलोने उतरवला की सर्वांत कमी ब्रेक, साडेतीनच्या आसपास आणला की पूर्ण ब्रेक. दाब उतरला हे प्रत्येक वाघिणीखालच्या व्हॉल्व्हला कळते आणि तो आपल्याच टाकीतली हवा सिलिंडरात सोडतो. वेस्टिंगहाऊसने १८७२ मध्ये हे शोधून काढले. ओपन रेल्समध्ये मी एक कळ दाबते आणि मला प्रत्येक वाघिणीतला दाब ओळीने दिसतो, कपलिंगवरचा ताण दिसतो. चाळिसाव्या वाघिणीच्या सिलिंडरात किती हवा आहे हे तुम्ही सबंध नोकरीत कधी पाहिले का?

इथे भाचीची बाजू जड आहे, असे मला वाटते. ‘अंगाला कळते’ हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त असला तरी अंगाला कळते ते गाडीच्या एका टोकाचे. ५८ वाघिणींच्या मालगाडीत मागच्या अर्ध्या भागात काय चालले आहे ते पुढच्या कॅबमधल्या माणसाच्या पाठीपर्यंत फारसे पोचत नाही. शेवटच्या डब्यातल्या गार्डला बसलेला धक्का पुढे अनेकदा कळतही नाही. दाब उतरल्याची वार्ता पाइपातून मागे पोचायला वेळ लागतो. त्या वेळात गाडीचा पुढचा भाग थांबू पाहत असतो आणि मागचा त्याच्यावर चालून येत असतो. हे डोळ्यांनी पाहायचे तर सिम्युलेटरच हवा. अनुभवी चालकाने हे सारे परिणामांवरून ताडलेले असते, यंत्र त्याला उघडे करून कोणी दाखवलेले नसते. शिवाय हलणे, कलणे, हादरणे या गोष्टी पैसे खर्च केले की बनवता येतात. विमानाच्या सिम्युलेटरांत त्या केव्हापासून आहेत, आणि वैमानिकांच्या शिक्षणाचा फार मोठा भाग त्यांतच होतो. जी उणीव पैशाने भरून निघते ती मूळची उणीव नव्हे. मामांना आपली बाजू मांडायची तर पाठीचा आणि पत्र्याचा मुद्दा सोडावा लागेल.

मामांनी तो सोडला, पण आधी एक वळसा घेतला.

मामा : कुठल्या देशाची गाडी चालवतेस तू?

भाची : बहुतेक अमेरिकेची. कहोन पास.

मामा : मग तुला पहिली चुकीची सवय तिथेच लागली. त्यांच्या मालगाडीत एकदा ब्रेक सोडायला लागले की पूर्णच सुटतो. थोडा सोडला, थोडा ठेवला असे चालत नाही. म्हणून उतारावर पुन्हापुन्हा लावणे-सोडणे झाले की टाक्या भरायला वेळच मिळत नाही. गल्ल्यातून पैसे काढत राहायचे आणि जमा काही करायचे नाही, असे होते. आपल्याकडे ब्रेक पायरीपायरीने सोडता येतो, आणि दुहेरी पाइपाच्या गाडीत ६ किलोचा फीड पाइप टाक्या वेगळ्या भरत असतो. एकाच नावाचे हँडल, पण तिकडचा हात इकडे चालत नाही.

भाची : म्हणून तर सिम्युलेटर बरा. मी सकाळी कहोन पास उतरते, रात्री भोर घाट. हा फरक मला दोन्हीकडे चालवून कळला. तुम्ही आयुष्यभर एकाच प्रकारच्या ब्रेकवर राहिलात.

हा मुद्दाही भाचीचाच. त्यावर रेंगाळण्याचे कारण नाही. मामांचे खरे बळ कहोन पासच्याच एका गाडीत आहे.

मामा : कहोन उतरतेस ना, मग १२ मे १९८९ ची सदर्न पॅसिफिकची गाडी तुला माहीत असेल. ट्रोना खनिजाने भरलेल्या ६९ वाघिणी. कागदावर वजन लिहिणाऱ्याने एका वाघिणीत ६० टन माल धरला, भरला होता १०० टन. चालकाने त्या कागदावर हिशेब मांडला आणि इतक्या वजनाला इतका वेग ठीक म्हणून उतरायला सुरुवात केली. त्यात काही इंजिनांचे डायनॅमिक, म्हणजे विजेचे, ब्रेक चालत नव्हते, आणि नेमके किती चालतात हे पुढच्याला नीट माहीत नव्हते. मागच्या मदतीच्या इंजिनाच्या चालकाला आपल्याकडची खोट माहीत होती, ती त्याने पुढे कळवली नव्हती. वेग हाताबाहेर जायला लागला तेव्हा मागच्याने आणीबाणीचा ब्रेक ओढला. त्या इंजिनांची रचनाच अशी की आणीबाणीचा ब्रेक लागला की डायनॅमिक ब्रेक आपोआप बंद. जे थोडे धरून होते तेही गेले. खाली सॅन बर्नार्डिनोत डफी स्ट्रीटच्या वळणावर गाडी घरांवर गेली. दोन रेल्वे कर्मचारी गेले, घरांतली दोन मुले गेली. सांग, यातले कुठले हँडल कुणाला कळले नव्हते?

भाची : शेवटचे. आणीबाणीने डायनॅमिक ब्रेक तुटतो हे यंत्राचे ज्ञान आहे, आणि चांगला सिम्युलेटर ते शिकवतो. तो चालक माझ्यासारखा दहा वेळा पडद्यावर मेला असता तर त्या दिवशी गाडी हातची गेली नसती.

मामा : मागच्याने ओढला तोवर गाडी गेलेलीच होती. ती वरच गेली, कागदात गेली. तुझ्या पडद्यावर वाघिणीचे वजन किती असते?

भाची : जे असते ते. म्हणजे फाइलमध्ये जे लिहिलेले असेल ते.

मामा : आणि गाडी किती वजनाची होऊन चालते?

भाची : तेवढ्याच.

माझ्या मते या दोन प्रश्नांपाशी वाद पहिल्यांदा योग्य जागी आला. सिम्युलेटरमध्ये गाडीबद्दल जे सांगितले जाते आणि गाडी जी असते, त्यांच्यात फट नसते. दोन्ही एकाच फाइलमधून येतात. पडद्यावरचा दाब हा खरोखरच त्या वाघिणीतला दाब असतो, कारण ती वाघीण म्हणजेच तो आकडा. खऱ्या कॅबमध्ये मात्र गेज फक्त इंजिनापाशी काय आहे ते सांगते. बाकीची गाडी कागदावर, दुसऱ्याच्या शब्दावर आणि अंदाजावर चालते. चालकाच्या हातात लोडचा कागद असतो, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट म्हणजे बीपीसी असते, गार्डने सांगितलेला मागचा दाब असतो. प्रत्येकामागे कोणीतरी माणूस असतो आणि तो चुकू शकतो. म्हणून कॅबमधली नियंत्रणे समजणे याचे दोन अर्थ होतात आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. हे हँडल फिरवले की आत काय होते, हा एक अर्थ; इथे भाची कोणत्याही लोको पायलटला हार जाणारी नाही. दुसरा अर्थ असा, की आत होते तेवढे पुरेल का, आणि पुरेल असे मला कुणी सांगितले. सॅन बर्नार्डिनोच्या चालकाला पहिला अर्थ पक्का ठाऊक होता. त्याचा हिशेब चुकला नव्हता. हिशेबात घातलेला आकडा चुकला होता.

हे एका अपघातावरून काढलेले अनुमान आहे असे कोणी म्हणेल. मग दुसरा घेऊ, कॅनडातला लाक-मेगांतिकचा, जुलै २०१३ चा. कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी गावापासून सुमारे ११ किलोमीटर वर नांत येथे उतारावर रात्री उभी करून चालक विश्रांतीला गेला. जाण्यापूर्वी त्याने सात हँडब्रेक आवळले आणि ते धरतात की नाही हे पाहायला इंजिनाने गाडी ढकलून पाहिली. गाडी हलली नाही. पण ती चाचणी घेताना इंजिनाचा स्वतंत्र हवेचा ब्रेक लागलेलाच होता. गाडी हँडब्रेकने धरली की हवेने, हे त्या चाचणीतून कळायला मार्गच नव्हता. नंतर इंजिनाला आग लागली, अग्निशामक दलाने ते बंद केले, कॉम्प्रेसर थांबला, हवा हळूहळू गळत गेली, आणि मध्यरात्रीनंतर गाडी एकटीच गावाकडे निघाली. ६३ टाक्या घसरल्या, ४७ माणसे गेली. कॅनडाच्या परिवहन सुरक्षा मंडळाच्या तपासात निघाले की हवेच्या मदतीशिवाय ती गाडी धरायला किमान १७, कदाचित २६ पर्यंत हँडब्रेक लागले असते. स्वतंत्र ब्रेक हवेवर चालतो आणि हवा कॉम्प्रेसरवर, हे न जाणणारा इंजिनचालक जगात नसेल. चुकली ती गाडीला विचारण्याची पद्धत. प्रश्न असा विचारला गेला की उत्तर खोटे आले तरी ते खऱ्यासारखेच दिसावे.

भाचीला हे लागले. ती गप्प बसणारी नाही.

भाची : थांबा मामा. तुम्ही घरच्या खेळाबद्दल बोलताय. रेल्वेच्या प्रशिक्षण केंद्रांत जे सिम्युलेटर असतात त्यांत शिकवणारा मागे बसून बिघाड घालतो. मध्येच पाइप फुटतो, सिग्नल विझतो, ब्रेक पकडत नाही. म्हणजे खोटे बोलणारी गाडी तिथे आहेच.

मामा : आहे. पण तिथे बसलेला पोरगा पहिल्या मिनिटापासून बिघाडाचीच वाट पाहत असतो. त्याला माहीत असते, आज काहीतरी होणार, त्याशिवाय मला बसवलाच नसता. कॅबमध्ये हजार दिवस कागद खरा असतो. त्या हजारांनंतरच्या एका दिवशी संशय यायला हवा. तो संशय कोण शिकवणार? म्हणून आमच्याकडे तो स्वभावावर सोडलेला नाही, नियमात घातला आहे. बीपीसी हातात आहे, तरी गाडी सुटल्यावर थोडा वेग आला की ब्रेक लावून पाहायचा, त्याला ब्रेक फील टेस्ट म्हणतात. पुढे वेग वाढल्यावर पुन्हा पाहायचा. घाट उतरताना तर मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी थांबत थांबत यायचे. थांबता आले म्हणजेच गाडी काबूत आहे. कॅच सायडिंगचा सांधा आधी बगलेच्या चढाकडेच लावलेला असतो. गाडी काबूत असल्याची खात्री झाली तरच सरळ वाट मिळते. तू घाट उतरताना कधी ब्रेक फील टेस्ट घेतलीस?

भाची : कशाला घेऊ? ब्रेक लागतात हे मला माहीत असते.

मामा : तेच म्हणतो मी.

मामांची बाजू इथे पूर्ण झाली असे समजून लेख थांबवता आला असता. पण त्यांच्या ‘हजार दिवस कागद खरा असतो’ या वाक्यात त्यांच्याच विरुद्ध जाणारा पुरावा आहे, आणि भाचीने तो सोडला नाही.

भाची : हजार दिवस खरा असतो ना? मग तुमची कॅबसुद्धा संशय शिकवत नाही. उलटे शिकवते. हजार वेळा टेस्ट घेतली, हजार वेळा ब्रेक लागला. हजारावी टेस्ट माणूस कशी घेतो? हात फिरतो, डोळे पुढच्या सिग्नलवर असतात. लाक-मेगांतिकच्या चालकानेही टेस्ट घेतलीच होती. नियम असून टेस्ट पोकळ झाली, ती अनुभवी माणसाच्या हातून. नवशिका असता तर त्याने कदाचित सूचना शब्दाशब्दाने वाचून इंजिनाचा ब्रेक आधी सोडला असता.

याला माझ्याकडे प्रतिवाद नाही, आणि असावा असे वाटतही नाही. अनुभव संशय शिकवतो ही आपली लाडकी समजूत आहे. प्रत्यक्षात अनुभव, बहुतेक व्यवसायांत, भरवसा शिकवतो. आणि भरवसा बहुतेक दिवस योग्यही असतो, नाहीतर रेल्वे चाललीच नसती. खोट्या कागदाशी वारंवार गाठ पडावी आणि तरी कोणी मरू नये, अशी सोय खऱ्या रुळांवर करता येत नाही. ती फक्त सिम्युलेटरमध्ये होऊ शकते. म्हणजे भाचीचे यंत्र जिथे सर्वांत दुबळे निघाले तिथेच ते सर्वांत उपयोगी होऊ शकते, पण त्यासाठी त्याने आज करत नाही ते करायला हवे. ते करायला हलणारी खुर्ची लागत नाही, पितळी हँडल लागत नाही, महागडा पडदाही लागत नाही. वजनाचा आकडा आणि वजन यांची फारकत करायची, एवढेच. हे बांधणाऱ्यांना कठीण नाही. खेळणाऱ्यांना रुचेल का, हा प्रश्न आहे. आजच्या सिम्युलेटरांचा सगळा अभिमान अचूकपणात आहे. खरा आवाज, खरे रंग, गेजवरचा खरा आकडा. अप्रामाणिक गेज ही त्या अभिमानाला चूक वाटेल.

भाची : समजा मी असे केले. वाघिणींची सगळी माहिती दाखवणारी ती पाटी बंद. लोणावळ्याला गाडी मिळते तेव्हा हातात फक्त बीपीसी आणि लोडचा कागद. संगणक मला न सांगता वजन दोन-चारशे टनांनी वाढवतो, किंवा सात-आठ वाघिणींचे ब्रेक तोडून ठेवतो. मी टेस्ट घ्यायची आणि वेग किती वेळात किती उतरला त्यावरून ठरवायचे, घाट उतरायचा की खाली उतरून गाडी तपासायची.

मामा : आणि बँकर असेल तर मागच्याशी बोलायचे. त्याच्याकडे काय चालते, काय चालत नाही, हे विचारायचे. त्यालाही कधी कधी चुकीचे सांगू दे.

भाची : तेही घालता येईल.

मामा : पण प्रत्येक वेळी खोटे नको. नाहीतर तू दर वेळी गाडी तपासायला उतरशील आणि मागे चार गाड्या अडकतील. विनाकारण थांबणारा चालकही कामाचा नसतो. त्याला जाब विचारायला नियंत्रण कक्षातला कंट्रोलर बसलेलाच असतो.

भाची : मग किती वेळा खोटे?

मामा : रेल्वेत जेवढ्या वेळा असते तेवढ्या वेळा. फार क्वचित.

भाची : मग मामा, शंभर फेऱ्यांत काहीच होणार नाही. कोण खेळेल? कंटाळा येईल.

मामा : येतोच. कॅबमध्ये मिनिटभर कशालाही हात लागला नाही तर चालक सावध आहे का हे पाहणाऱ्या व्हीसीडीचा दिवा लागतो, मग भोंगा, मग ब्रेक. ते यंत्र उगाच बसवलेले नाही.